पॉलिटनेलचा कागद पुन्हा पुन्हा सैल का पडतो

अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर, तीन बाय सहा मीटरचं पॉलिटनेल, म्हणजे पाइपच्या कमानींवर पॉलिथिनचा कागद ताणलेला मांडव, उभं केलं, मे महिन्यात भेंडी-मिरचीची रोपं आत गेली, सगळं छान. जुलैत कागदाला झोळ आला. ओढून घट्ट केला. ऑक्टोबरच्या वाऱ्यात फडफड सुरू झाली. पुन्हा ओढला, कडेला दगड ठेवले. फेब्रुवारीच्या वादळात तो नेमका कमानीच्या रेषेवर फाटला. नवा कागद आणून घातला आणि पुढच्या जुलैत पुन्हा तोच झोळ. ब्रिटनमध्ये अलॉटमेंट करणाऱ्या आपल्या लोकांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक वेळा दोष कागदात नसतो. कागद सगळ्यात शेवटी चढतो, त्यामुळे खालचा सांगाडा जिथे जिथे चुकलेला असतो तिथे तिथे तो ते दाखवून देतो. पाया हलतोय, कमानी एका रेषेत नाहीत, किंवा कागद थंडीत चढवलाय, या तिन्हींपैकी एक तरी बहुधा सापडतंच. ते न बघता नुसता कागद ओढत राहिलात तर तो ताणून पातळ होतो आणि लवकर फाटतो. म्हणून तपासणी जमिनीपासून वर करत जायची.

आधी झोळ कुठे आणि कधी पडतो ते बघा

एक आठवडा नुसतं निरीक्षण करा. सकाळी थंडीत आणि दुपारी उन्हात, दोन्ही वेळी कागदावर तळहात दाबून बघा. दोन कमानींच्या मध्ये, खांद्याच्या उंचीवर. चांगला बसलेला कागद पखवाजाच्या पुडीसारखा ताठ लागतो, हात काढला की लगेच जागेवर येतो.

सकाळी ताठ आणि दुपारी सगळीकडे सारखाच सैल असेल, तर प्रश्न तापमानाचा आहे, सांगाडा बहुधा ठीक आहे. एकाच कोपऱ्यात किंवा एकाच बाजूला, सकाळ-दुपार सारखाच सैल असेल, तर तिथला पाया हललाय किंवा कागद पुरलेल्या चरातली माती बसलीय. एखाद्याच कमानीपाशी कागद आणि पाइप यांच्यात बोट जाईल एवढी फट दिसत असेल, तर ती कमान शेजारच्या कमानींपेक्षा खाली आहे. वारा आला की कागद त्याच कमानीवर आपटत राहतो, आणि फाटायला सुरुवातही तिथूनच होते.

पाया

पॉलिटनेलला वजन नसतं, हे आपण उभारताना विसरतो. वाऱ्याचा वेग ताशी ९० किलोमीटर असेल तर त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३९ किलो भरतो. वक्र छतावरून वारा जाताना छताला वर खेचतो. ही वरची ओढ त्या दाबाच्या निम्मी धरली, तरी तीन बाय सहा मीटरच्या, म्हणजे १८ चौरस मीटरच्या टनेलला सुमारे साडेतीनशे किलोची ओढ बसते. सांगाडा आणि कागद मिळून याच्या निम्मंही वजन होत नाही. बाकी सगळं जमिनीने धरून ठेवायचं. चार कमानी असतील तर आठ पाय, म्हणजे प्रत्येक पायाला ४४ किलो, आणि तेही एकदाच नाही, तर प्रत्येक झोताबरोबर हिसके देत. पाय वर्षाला एकेक सेंटिमीटर हलला तरी कागद सैल पडायला तेवढं पुरतं.

म्हणून पायाची नळी, म्हणजे कमानीचं टोक जिच्यात बसतं ती, जमिनीत निदान ६० सेंटिमीटर हवी. ठोकताना नळीच्या तोंडावर थेट घण मारू नका. तोंड चेपतं, मग कमान आत जात नाही, आणि लोक वैतागून ती अर्धीच घालून सोडून देतात. वर जाड लाकडाचा ठोकळा किंवा तोंडात बसणारा मोठा बोल्ट ठेवून त्यावर ठोका. निम्मी गेली की दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा. पूर्ण गेल्यावर वाकडी नळी सरळ करायला गेलात तर आजूबाजूची माती ढिली होते.

माती कुठली, यावर बरंच अवलंबून आहे. लंडनच्या बऱ्याच भागात जड चिकणमाती आहे. ओली असताना ती नळीला घट्ट धरते, पण कोरड्या उन्हाळ्यात आकसते, तडे पडतात आणि नळीभोवती फट राहते. वाळूमिश्रित जमीन बाराही महिने थोडी ढिलीच. दोन्ही ठिकाणी नळीला खाली जोडायची लोखंडी पट्टी, म्हणजे अँकर प्लेट, लावलीच पाहिजे. ती खड्ड्यात खाली ठेवून वर माती थराथराने धुमसायची. काँक्रीट ओतायचा मोह होतो, पण बहुतेक अलॉटमेंटवर ते चालत नाही, प्लॉट सोडताना काढून द्यावं लागतं. एरवीही टनेल उभारण्याआधी बहुतेक ठिकाणी कौन्सिल किंवा अलॉटमेंट असोसिएशनची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि कमाल मापही बहुधा ठरलेलं असतं. पूर्ण प्लॉट परंपरेने १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा. आता अर्धाच प्लॉट मिळतो असंही पुष्कळ ठिकाणी आहे, आणि त्यावर तीन बाय सहाचं टनेल बरीच जागा खातं.

आता कर्ण. घराचा पाया आखताना गवंडी जसा तो गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघतो, तसंच इथे. तीन बाय सहा मीटरच्या आयताचा कर्ण ६.७१ मीटर येतो. दोन्ही कर्ण मोजा. दोनांत एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टनेल तिरकं बसलंय आणि कागद एका कोपऱ्यात कायम जास्त तर समोरच्या कोपऱ्यात कायम कमी पडणार. हे कागद ओढून कधीच सुटत नाही. उभं असलेलं टनेल तिरकं निघालं तर कागद काढून त्या बाजूच्या नळ्या उपसून पुन्हा ठोकणं हाच उपाय आहे. जिवावर येतं, पण नवा कागद त्याच तिरक्या सांगाड्यावर घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

उतारावरच्या प्लॉटवर आणखी एक गोष्ट. नळ्यांची तोंडं पाणसळीत हवीतच असं नाही. लांबीच्या दिशेने जमिनीच्या उताराबरोबर गेली तरी चालतं. पण एका बाजूच्या सगळ्या नळ्या एका सरळ रेषेत हव्यात आणि समोरासमोरच्या दोन नळ्या एकाच पातळीवर हव्यात. लांबीच्या दिशेने लाइनदोरी ताणा, आडव्या दिशेने पाण्याची पारदर्शक नळी लावा. स्पिरिट लेव्हल छोटी असते, तीन मीटरवर तिचा भरवसा धरू नका.

कमानी

किटच्या कमानी दोन-तीन तुकड्यांत येतात. जोडताना भोकं जुळत नाहीत म्हणून लोक भोक मोठं करतात किंवा नवं पाडतात. तसं करू नका. सगळ्या कमानी उभ्या करा, माथ्याचा पाइप बसवा, कोपऱ्यातले तिरकस आधार लावा, आणि हे सगळं होईपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळू नका, नुसता हाताने फिरेल तेवढाच. शेवटचा बोल्ट बसला की मग मधून टोकांकडे जात आवळा. पहिली कमान आधीच आवळून ठेवली की पुढच्या प्रत्येक जोडाला थोडा थोडा पीळ येत जातो आणि चौथ्या कमानीपर्यंत भोकं बोटभर सरकलेली असतात.

मग टनेलच्या एका टोकाला उभे राहून, एक डोळा मिटून माथ्याच्या आणि दोन्ही खांद्यांच्या रेषेत बघा. पहिल्या कमानीमागे बाकीच्या लपल्या पाहिजेत. एखादी वर डोकावत असेल किंवा खाली गेली असेल तर ती आत्ता सरळ करा. हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि माझ्या मते अख्ख्या उभारणीत याहून मोलाची दोन मिनिटं नाहीत. मध्येच एक कमान दोन सेंटिमीटर खाली असली तर कागद तिला टेकत नाही. मग तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानींमधला अख्खा मोठा पट्टा वाऱ्यात वरखाली होतो आणि प्रत्येक वेळी त्या पाइपवर आपटतो.

जोडांवरचे बोल्ट बाहेर आलेले, स्क्रूची टोकं, कापलेल्या पाइपच्या धारदार कडा, सगळ्यावरून जाड कापडी टेप गुंडाळा. अंगठा फिरवून बघा. अंगठ्याला बोचतं ते कागदालाही बोचणार.

कागद चढवण्याचा दिवस

जुलैतल्या झोळाचं मूळ बहुधा इथे आहे. पॉलिथिन उन्हाने प्रसरण पावतं. सहा मीटर लांबीचा कागद १५ अंशांनी तापला तर साधारण दीड सेंटिमीटर वाढतो. मार्चमध्ये इस्टरच्या सुट्टीत, ८ अंशांत, हात गारठलेले असताना घट्ट ओढून बसवलेला कागद जुलैच्या उन्हात सैल पडणारच, तुम्ही कितीही जोर लावला असलात तरी. उलट, उबदार दिवशी बसवलेला कागद रात्री गार झाला की आपोआप ताणतो. म्हणून वारा नसलेला, ऊन असलेला दिवस निवडा. एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत असे दिवस मिळतात. कागद आधी गवतावर तासभर उन्हात पसरून ठेवा. हवा उबदार आणि स्थिर असावी म्हणून सकाळी उशिरा सुरुवात करा, कारण दुपारी बहुतेक वेळा वारा उठतो.

ओढण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी एका टोकाच्या चौकटीच्या वरच्या लाकडावर पट्टी मारून कागद पक्का करा. मग दुसऱ्या टोकाला जाऊन लांबीत ओढा आणि तिथल्या चौकटीवर मारा. त्यानंतर बाजू, आणि त्या नेहमी मधल्या कमानीपासून दोन्ही टोकांकडे, डावी-उजवी आलटूनपालटून. कोपऱ्यातल्या चुण्या अगदी शेवटी. सुरुवात कोपऱ्यापासून केली तर मधे झोळ उरतो, आणि मग तो काढायला जागाच राहत नाही. कामाला तीन माणसं तरी हवीत. शेजारच्या प्लॉटवाल्यांना हाक मारा, अलॉटमेंटवर लोक आनंदाने येतात.

कागदाला उलटसुलट बाजू असते. थेंब न पडणारा किंवा उष्णता धरणारा कागद असेल तर त्यावर छापलेली सूचना वाचून कुठली बाजू आत ते ठरवा. उलटा घातला तर रोपांवर पाणी टपकत राहतं आणि टोमॅटोवर करडी बुरशी चढते.

खाली कागद धरण्याच्या दोन पद्धती. चर खणून त्यात पुरायचा, किंवा लाकडी-अॅल्युमिनियमच्या पट्टीला पकडायचा. चर ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच किंवा थोडा जास्त खोल खणतात. तो स्वस्त आणि मजबूत, पण भरलेली माती पावसाने बसते आणि कागद तेवढाच सैल पडतो. दोन-तीन चांगले पाऊस झाले की चरावरून चालून माती पुन्हा धुमसा आणि वर आणखी माती घाला. हे कुणी करत नाही, आणि एका बाजूने सैल पडण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं. पट्टीच्या पद्धतीत एक सोय आहे: पट्टी नळ्यांना क्लॅम्पने धरलेली असते, क्लॅम्प ढिले करून पट्टी खाली दाबली की कागद ताणतो, मग पुन्हा आवळायचं. मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कागद प्रोफाइलमध्ये, म्हणजे खाच असलेल्या धातूच्या पट्टीत, घालून झिगझॅग स्प्रिंगने धरतात. तशी पट्टी इथेही मिळते आणि खर्च परवडत असेल तर खिळ्यांपेक्षा ती मला जास्त आवडते, कारण कागदाला भोक पडत नाही.

कागद चरात पुरलेला आहे आणि तरीही सैल पडलाय, तर उकरायच्या आधी एक उपाय करून बघा. कमान पायाच्या नळीत सरकते आणि बाजूच्या बोल्टने पकडलेली असते, अशी रचना पुष्कळ किटमध्ये असते. उबदार दिवशी चौकटीला धरणारे क्लॅम्प थोडे ढिले करा. मग प्रत्येक पायाचा बोल्ट सैल करून कमान एकेक सेंटिमीटर वर उचला आणि आवळा. समोरासमोरचे दोन पाय एकाच वेळी, एकेकाने एकेक. सगळ्या कमानींची एक फेरी झाली की गरज वाटल्यास दुसरी फेरी. एकच कमान एकदम तीन-चार सेंटिमीटर उचलली तर कागद तिथेच फाटेल. नळी जमिनीत नीट असेल तरच हे करा, नाहीतर कमान वर जाण्याऐवजी नळी खाली जाते.

कमानीच्या रेषेवरच फाटतो

आतून वर बघा. कमानीच्या बरोबर वर कागदाचा दोन-तीन बोटं रुंद पट्टा पिवळट-तपकिरी झालेला दिसतो का? नखाने हलकेच दाबा; बाकीचा कागद लवचीक लागेल आणि हा पट्टा कडक, कधी कधी चिरा पडलेला. उन्हात पाइप चांगलाच तापतो, आणि त्या उष्णतेने कागद तिथे आधी जुना होतो. यासाठी कमानीवर पांढरी फोमची टेप लावतात. ती कागद आपटण्यापासूनही वाचवते. किटमध्ये ती बहुतेकदा वेगळी विकत घ्यावी लागते, त्यामुळे राहून जाते. चांगला ७२० गेजचा, म्हणजे १८० मायक्रॉनचा, ऊन सोसणारा कागद पाच वर्षं तरी टिकला पाहिजे. टेप न लावता तो त्याआधीच कमानीवर जातो.

दुसरं कारण पीव्हीसी. घरी केलेल्या टनेलमध्ये वायरिंगचा पांढरा पाइप वाकवून कमानी करतात. पीव्हीसीला टेकलेलं पॉलिथिन लवकर खराब होतं. निळा पाण्याचा पाइप पॉलिथिनचाच असतो, तो चालतो. पांढऱ्या पाइपच्या कमानी आधीच उभ्या असतील तर कागद आणि पाइप यांच्यात फोमची टेप हवीच. जुने रेल्वे स्लीपर किंवा नुकतंच औषध लावलेलं ओलं लाकूड कागदाला लागू देऊ नका. गंधकाची फवारणी किंवा धुरी आत करत असाल तर तीही कागदाचं आयुष्य कमी करते, आपल्याकडचे पॉलिहाऊसवाले हे चांगलं जाणतात.

चेनवालं हिरवं टनेल

बारीक पाइपचं, वरून हिरवी जाळीदार कापडासारखी शिवलेली खोळ आणि पुढे चेन, असं टनेल पुष्कळ जण पहिल्यांदा घेतात. त्याची खोळ ओढून घट्ट करता येत नाही, ती ठरलेल्या मापाची असते. तिथे ताण द्यायचा तो सांगाडा ताठ करून. प्रत्येक पायाशेजारी १२ मिलिमीटरची सळई ६०-७० सेंटिमीटर ठोका आणि पाय तिला होज क्लॅम्पने दोन ठिकाणी बांधा. चारही बाजूंना खाली जाड लाकूड टाकून पाय त्याला जोडा. कोपऱ्यांत तिरके पाइप लावा. खोळीची खालची झालर जमिनीवर पसरून विटा ठेवण्याचा काही उपयोग नाही. ती चरात २५-३० सेंटिमीटर पुरा. वरून दोऱ्या बांधू नका, दोरी वाऱ्यात घासून खोळ कापते. इतकं करूनही खुल्या टेकडीवरच्या प्लॉटवर हे टनेल दोन हिवाळ्यांपलीकडे जाईल असं मी कुणाला सांगणार नाही.

वादळाआधी

१८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात आयल ऑफ वाइटच्या नीडल्सला ताशी १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याच वर्षी १९ जुलैला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान होतं. जेमतेम पाच महिन्यांच्या अंतराने कागदाला दोन्ही सोसावं लागलं. इशारा आला की दोन्ही दारं बंद करून कड्या लावा. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं तर वारा आत शिरून कागद आतून फुगवतो, बाहेरून ओढ असतेच, आणि मग पाय निघतात. इथे वारा जास्त करून नैर्ऋत्येकडून येतो. नवीन टनेल मांडताना त्याची अरुंद बाजू तिकडे करा. जुनं हलवता येत नसेल तर काही मीटर अंतरावर वारा अर्धवट गाळणारी जाळी किंवा कुंपणाची झाडं लावा. भरीव फळ्यांचं कुंपण नको, त्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करून टनेलवरच आदळतो.

फाटलंच, तर त्याच दिवशी बघा, कारण चीर रात्रीत मीटरभर पुढे जाते. कागद दोन्ही बाजूंनी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करा. पॉलिथिनची दुरुस्तीची टेप आतून आणि बाहेरून, चिरेच्या टोकांपलीकडे दहा सेंटिमीटर जाईल अशी लावा आणि तिचे कोपरे कात्रीने गोल करा, चौकोनी कोपरा आधी सुटतो. थंडीत टेप धरत नाही. ती खिशात ठेवून गरम करा आणि लावल्यावर तळहाताने मिनिटभर दाबून ठेवा. चीर कमानीवरच्या त्या पिवळट पट्ट्यावर असेल तर मात्र दुरुस्तीत वेळ घालवू नका. तिथला कागद संपलेला असतो, टेप चिकटली तरी शेजारून पुन्हा फाटतो. तात्पुरतं बांधून हिवाळा काढा, मे महिन्यातला एखादा उन्हाचा दिवस धरून कागद उतरवा, आणि नवा चढवण्याआधी कर्ण मोजा.